माया किती ठेवली?



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांना मी शेवटपर्यंत ‘सिस्टर’ याच नावाने हाक मारली. मी नवखी सर्जन होते तेव्हा त्या ओपीडीत माझ्या टेबलाशेजारी उभ्या असायच्या. स्तनातली गाठ दाखवायला आलेली बाई तपासून झाली की मी हात धुवायला वळायचे. तिचा पदर सारखा करता करता सिस्टर हळूच विचारायच्या, ‘मॅडम, खांदा बघितला का?’

खांद्यावर खाच असायची. ब्रेसियरच्या पट्टीने वर्षानुवर्षं कापत नेलेली, बोट बसेल एवढी, कडांना काळी पडलेली. स्तनाखालच्या घडीत कातडी लाल झालेली असायची, तिथे पावडर थापलेली, नाहीतर धुतलेल्या धोतराची घडी घातलेली. मानेचं आणि पाठीचं दुखणं तर विचारायचीही सोय नव्हती, कारण ते दुखणं आहे हेच त्या बायकांच्या मनात येत नसे. चाळीस वर्षं ओझं वाहिलं की ओझ्याची तक्रार कोण करतं? गाठीची तक्रार घेऊन त्या आल्या होत्या आणि मी गाठीपुरतीच बघत होते. केसपेपरवर गाठीचा आकार, काखेतल्या गाठी, कातडी धरलेली आहे की सुटी, हे सगळं लिहायचे. खांद्याचा रकानाच त्यात नव्हता.

आज मी त्या खांद्याबद्दल बोलणार आहे. मोठ्या, जड स्तनात कर्करोगाची गाठ निघते तेव्हा गाठ काढता काढताच स्तन लहान करून दोन्ही बाजू सारख्या करता येतात. ब्रिटनमध्ये या शस्त्रक्रियेला ‘थेराप्युटिक मॅमोप्लास्टी’ म्हणतात. मी तिला उपचारातलीच एक पायरी मानते. तिला ‘सौंदर्याची शस्त्रक्रिया’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे, आणि ते आज मी तुमच्यासमोर मांडणार आहे.

थोडं मागे जायला हवं. १८९४ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातून विल्यम हॉल्स्टेड यांनी आपल्या शस्त्रक्रियेचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात संपूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असं सगळं एकसंध काढलं जायचं. त्या काळी स्तनाच्या कर्करोगाची बाई जखमा चिघळून मरायची, त्यामुळे हॉल्स्टेडना दोष देण्यात अर्थ नाही. पण त्यांची रीत पाऊणशे वर्षं कुणी हलवू शकलं नाही. ती हलवली अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी आणि मिलानमध्ये उंबेर्तो वेरोनेसी यांनी. दोघांनीही बायकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले, एका गटाचा स्तन काढला, दुसऱ्याचा राखला आणि वाट पाहिली. दोघांचे २० वर्षांचे निष्कर्ष २००२ साली एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात छापून आले. जगण्यात फरक नव्हता. स्तन काढलेल्या आणि राखलेल्या बायका सारख्याच प्रमाणात जगल्या होत्या.

फिशर यांच्या पाहणीतला आणखी एक आकडा मी प्रत्येक पेशंटच्या नवऱ्याला सांगते. स्तन राखून नंतर किरणोपचार घेतले, तर २० वर्षांत त्याच स्तनात रोग उलटण्याचं प्रमाण १४.३ टक्के होतं. किरणोपचार घेतले नाहीत त्यांच्यात ३९.२ टक्के. म्हणजे स्तन राखायचा तर ‘लाईट’ घ्यावाच लागतो. आपल्याकडे लोक रेडिएशनला लाईटच म्हणतात. लाईटचं मशीन जिल्ह्याच्या गावी, तिथे राहायची सोय नाही, शेतात सुगी सुरू, अशा वेळी घरचे म्हणतात, ‘काढूनच टाका मॅडम, एकदाचं होऊन जाऊ द्या.’ या वाक्याला मी कधीच अडाणीपणा म्हटलं नाही. त्यामागे एस.टी.चं भाडं असतं, बुडणारा रोज असतो.

स्तन राखला म्हणजे सगळं झालं, असं आम्ही सर्जन बरीच वर्षं समजत होतो. स्तनाच्या खालच्या भागातली तीन सेंटिमीटरची गाठ नुसती काढून वरून टाके घातले, की लाईटनंतर तो भाग आत ओढला जातो आणि स्तनाग्र खाली वळतं. वैद्यकाच्या पुस्तकात त्याला ‘पक्ष्याची चोच’ म्हणतात. माझ्या सुरुवातीच्या काळातली एक बाई मला आठवते. स्तन खूप जड होते. मी गाठ नीट काढली, कडा स्वच्छ आल्या, मी खूश होते. लाईट सुरू झाला आणि चौथ्या आठवड्यात घडीतली कातडी सोलून निघाली. जिथे कातडी कातडीला चिकटून राहते तिथे किरणांचा मारा जास्त बसतो. शिवाय जाड स्तनाच्या तळाशी एक मात्रा आणि टोकाशी दुसरी, असं होतं. उपचार मध्येच थांबवावे लागले. ती एका कुशीवर झोपून पंख्याकडे बघत राहायची. तिचा रोग उलटला नाही. पण ‘रोग उलटला नाही’ हे माझ्या वहीत लिहिताना मला तिची ती कूस आठवायची, आणि ती नोंद मला अपुरी वाटायची.

नव्वदच्या दशकात जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फचे वर्नर ऑड्रेच यांनी कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि प्लास्टिक सर्जरी यांची मोट बांधून ‘ऑन्कोप्लास्टिक’ हा शब्द रूढ केला. पॅरिसच्या क्यूरी संस्थेत क्रिश्ना क्लॉ आणि त्यांचे सहकारी ऐंशीच्या दशकापासूनच या वाटेने चालले होते. पुढे क्लॉंनी एक साधा हिशेब मांडला: स्तनाच्या २० टक्क्यांपर्यंत भाग काढायचा असेल तर आसपासचं मांस सरकवून खड्डा भरता येतो, पण २० ते ५० टक्के काढायचा असेल तर स्तनाची घडणच बदलावी लागते. मोठ्या स्तनांच्या बाईत ती घडण बदलायची तयार रीत होती. स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया प्लास्टिक सर्जन कितीतरी वर्षं करतच होते.

आता मी तुम्हाला एका शिंपिणीची गोष्ट सांगते, कारण ही शस्त्रक्रिया मला तिच्याइतकी नेमकी कुणी समजावून दिली नाही.

वय बावन्न. तालुक्याच्या गावी लेडीज टेलरिंगचं दुकान. डाव्या स्तनाच्या खालच्या बाजूला बाहेरच्या अंगाला तीन सेंटिमीटरची गाठ. दोन्ही स्तन जड, खांद्यावर खाचा. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी तिला खाटेच्या कडेला ताठ बसवलं. आडवी झाली की स्तन पसरतात आणि सगळी मापं चुकतात, म्हणून खुणा बसवूनच कराव्या लागतात. गळ्याच्या खळगीपासून स्तनाग्रापर्यंत टेप लावला: बत्तीस सेंटिमीटर. साधारणपणे ते एकवीसच्या आसपास असतं. मग घडीच्या पातळीवर नव्या स्तनाग्राची जागा धरली आणि तिथून दोन तिरक्या रेषा खाली ओढल्या. उलट्या ‘टी’सारखी, जहाजाच्या नांगरासारखी आकृती तयार झाली. ती मान खाली घालून बघत होती. म्हणाली, ‘बाई, हे तर आमचं कटिंग आहे.’

ते खरंच होतं. १९५६ साली रॉबर्ट वाइज या अमेरिकी सर्जननी ही आकृती बसवली तीच मुळी ब्रेसियरच्या कागदी नमुन्यावरून. आजही जगभर ती वाइज यांच्याच नावाने ओळखली जाते. मी हे सांगितलं तर तिला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. सपाट कापडातून गोल आकार काढायचा तर दुसरं काय करणार, असा तिचा चेहरा होता.

मग तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि प्रत्येक प्रश्न शिवणकामातला होता. ‘बोंडी कापून परत लावणार?’ नाही. स्तनाग्र एका मांसल देठावर तसंच ठेवायचं, देठातून त्याला रक्त मिळत राहतं, आणि देठासकट वर उचलून नव्या जागी बसवायचं. देठ कुठल्या बाजूने राखायचा हे गाठ ठरवते. तिची गाठ खाली होती, म्हणून देठ वरून. खालचा भाग नाहीतरी निघणारच होता आणि गाठ त्यातच जाणार होती. गाठ वर असती तर देठ खालून राखला असता.

‘आणि माया किती ठेवली?’

शिवणाऱ्या सगळ्या भगिनींना माया माहीत आहे: शिलाईच्या पलीकडे राखून ठेवलेलं कापड. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत गाठीभोवती चांगल्या मांसाची माया ठेवूनच काढावं लागतं, आणि ती पुरेशी आहे की नाही यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. काढलेल्या तुकड्याला आम्ही दोरे बांधतो, आखूड दोरा वरच्या बाजूला, लांब दोरा बाहेरच्या बाजूला, म्हणजे पॅथॉलॉजिस्टला दिशा कळते. पॅथॉलॉजिस्ट पृष्ठभागाला शाई लावतात, काप घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली गाठीच्या पेशींना शाई लागली आहे का बघतात. २०१४ साली अमेरिकेतल्या सर्जन आणि किरणोपचार तज्ज्ञांच्या संघटनांनी एकमताने ठरवलं, की आक्रमक कर्करोगात पेशींवर शाई नसली म्हणजे पुरे. आणखी कापत सुटायची गरज नाही. मोठा भाग निघत असल्यामुळे स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेत ही माया सढळ मिळते. तिचा सगळ्यात मोठा गुण मला हाच वाटतो.

पण एक धोकाही आहे. मांस इकडचं तिकडे सरकवल्यावर, गाठीची मूळ जागा कुठली होती, हे नंतर सापडणं कठीण होतं. म्हणून खड्ड्याच्या भिंतींना टायटॅनियमच्या बारीक क्लिपा लावून ठेवायच्या. किरणोपचार करणाऱ्या डॉक्टरला त्या क्लिपा दिसतात आणि जादा मात्रा नेमक्या जागी देता येते. क्लिपा लावल्याच नाहीत, अशी पेशंट दुसरीकडून आली की मला राग येतो. पाच मिनिटांचं काम आहे हो.

आता निकालांकडे येते. पॅरिसच्या क्लॉ यांनी २००३ साली १०१ स्त्रियांचा अहवाल छापला. सरासरी २२२ ग्रॅम मांस काढलेलं, गाठी सरासरी ३२ मिलिमीटरच्या. पाच वर्षांत त्याच स्तनात रोग उलटण्याचं प्रमाण ९.४ टक्के, जगण्याचं प्रमाण ९५.७ टक्के, आणि ८२ टक्के स्त्रियांचा स्तन दिसायला समाधानकारक. इतक्या मोठ्या गाठींसाठी हे आकडे चांगले आहेत. पुढे ब्रिटनमधल्या ५० केंद्रांनी मिळून ‘टीम’ नावाची पाहणी केली, ८८० स्त्रियांच्या ८९९ शस्त्रक्रियांची. तिच्यात २३.३ टक्के स्त्रियांना काही ना काही गुंतागुंत झाली, पण त्यासाठी पुन्हा ऑपरेशन फक्त २.८ टक्के स्त्रियांवर करावं लागलं. ८९९ पैकी १३२ शस्त्रक्रियांत कडा स्वच्छ आल्या नाहीत. त्यातल्या ५१ ठिकाणी अखेर स्तन काढावा लागला. आणि पुढचा उपचार सुरू व्हायला लागलेले दिवस, मध्यक घेतला तर, ५४.

हे आकडे मी लपवत नाही, कारण पेशंटला ते आधी कळायला हवेत. चौघींतल्या जवळजवळ एकीला जखमेचा काही ना काही त्रास होतो. बहुतेकदा तो त्या उलट्या ‘टी’च्या सांध्यावर होतो. तीन बाजूंची कातडी तिथे येऊन मिळते, ताण तिथे सगळ्यात जास्त आणि रक्त सगळ्यात कमी. शिंपिणीच्या भाषेत सांगायचं तर तीन शिवणी एका टाक्यावर आलेल्या. जखम तिथे रुपयाएवढी उघडते, पाणी सुटतं, रोज ड्रेसिंग, चार-सहा आठवडे. एरवी एवढी जखम किरकोळ म्हणायची, पण किमो किंवा लाईट वाट बघत उभे असताना ती किरकोळ राहत नाही.

इथे मला मिश्रीबद्दल बोलावंच लागेल. आपल्या भागातल्या कितीतरी बायका सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात. ‘व्यसन आहे का?’ असं विचारलं तर ‘छे, नाही’ म्हणतात, कारण मिश्रीला त्या व्यसन मानतच नाहीत. पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, आणि निकोटीन कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं. या शस्त्रक्रियेत कातडीच्या पातळ झडपा आणि एक देठ यांच्यावरच सगळी भिस्त असते. एका पेशंटला मी सिगारेट, बिडी, तंबाखू असं सगळं विचारलं आणि मिश्री विचारायची राहिली. तिच्या स्तनाग्राची अर्धी कड काळी पडून गळली. तेव्हापासून मी थेट विचारते, ‘दात कशाने घासता?’ उत्तर मिश्री आलं, तर ती बंद झाल्याशिवाय ही शस्त्रक्रिया करत नाही. थांबायला वेळ नसेल तर साधी शस्त्रक्रिया करते. साखर वाढलेली असेल तरीही तोच नियम.

आणि दुसरी बाजू? घरच्यांचा सगळ्यात मोठा आक्षेप इथेच येतो. ‘चांगल्या अंगाला सुरी कशाला लावता?’ सासूबाई विचारतात, नवरा विचारतो, कधी पेशंट स्वतः विचारते. प्रश्न रास्त आहे. एक बाजू चारशे ग्रॅमने हलकी झाली आणि दुसरी तशीच जड राहिली, तर बाई एका अंगाला कलते. खांदा, मान, कंबर सगळं त्या ओढीत येतं. ब्लाऊजमध्ये कापसाचा बोळा ठेवून ती लग्नकार्याला जाते आणि तो सरकेल म्हणून कुणाला वाकून नमस्कार करत नाही. हे मी पाहिलेलं आहे. शिवाय ‘चांगल्या’ बाजूतून काढलेलं मांसही तपासायलाच पाठवायचं असतं; क्वचित त्यातही लपलेला रोग निघतो. ते फेकून देणाऱ्यांना मी माफ करत नाही.

दोन्ही बाजू एकाच वेळी कराव्यात की दुसरी नंतर, यावर सर्जनांत मतभेद आहेत. ‘टीम’मधल्या सुमारे एकतृतीयांश स्त्रियांचीच दुसरी बाजू त्याच वेळी केली होती. एकाच वेळी केलं तर भूल एकदाच, रजा एकदाच, खर्च एकदाच. आमच्याकडच्या बाईला दुसऱ्यांदा येणं जमत नाही, म्हणून माझा कल एकाच वेळी करण्याकडे आहे. पण ज्या बाजूला लाईट मिळणार ती पुढे आकसते, म्हणून ती आम्ही मुद्दाम थोडी मोठी ठेवतो. शिंपिणीच्या डाव्या बाजूचं ४१० ग्रॅम निघालं आणि उजव्या बाजूचं ४८०. ऑपरेशन थिएटरमधल्या काट्यावर सिस्टरांनीच वजन केलं होतं. काट्याकडे बघत त्या म्हणाल्या, ‘जवळजवळ किलोभर. चाळीस वर्षं, रोज.’

लाईटच्या वेळी फरक लगेच दिसला. घडी उरलीच नव्हती. लहान, घट्ट स्तनावर मात्रा सारखी बसते. तिची कातडी उन्हात रापल्यासारखी काळवंडली, पण एक दिवसही खंड पडला नाही. पंधरा बैठका, तीन आठवडे. पूर्वी हाच उपचार पाच-सहा आठवडे चालायचा. ब्रिटनमधल्या ‘स्टार्ट’ चाचण्यांनी कमी दिवसांचा पाठ तेवढाच चालतो हे दाखवून दिलं. एस.टी.ने येणाऱ्या बाईला याहून मोठी मदत दुसरी नाही.

विम्याचं बोलायला नको असं ठरवून आले होते, पण बोलते. शिंपिणीच्या उजव्या बाजूचा खर्च विमा कंपनीने नाकारला. कारण लिहिलं होतं: कॉस्मेटिक. अमेरिकेत १९९८ सालापासून असा कायदा आहे, की कर्करोगासाठी स्तन काढलेल्या स्त्रीची दुसरी बाजू सारखी करण्याचा खर्चही विम्याने द्यायचा. एक कायदेमंडळ हे मान्य करू शकलं, मग आपलं का नाही? मी तिच्यासाठी तीन पत्रं लिहिली. तिसऱ्या पत्रासोबत खांद्याचा फोटो जोडला. पैसे मिळाले नाहीत.

आपल्याकडे हे काम होतच नाही, असं कृपया समजू नका. पुण्यात प्रशांती कॅन्सर केअर मिशनचे डॉ. चैतन्यानंद कोप्पीकर आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं ऑन्कोप्लास्टिक शस्त्रक्रिया करताहेत, निष्कर्ष छापताहेत, तरुण सर्जनांना शिकवताहेत. पण भारतात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते, असा जागतिक अंदाज आहे. त्यांतल्या किती जणींना ऑपरेशनच्या आधी कुणी बसवून टेप लावला असेल? किती जणींना ‘असंही करता येतं’ एवढं वाक्य तरी कानावर पडलं असेल? प्रत्येकीला ही शस्त्रक्रिया हवी असं मी म्हणत नाही. लहान स्तनाच्या बाईला तिचा उपयोग नाही. कुणाला सगळं काढूनच मनःशांती मिळते, आणि ते तिचं म्हणणं मी मानते. पण विचारलं तर पाहिजे, आणि पहिल्या छेदाच्या आधी विचारलं पाहिजे. एकदा गाठ नुसती काढून लाईट दिला, की नंतर त्या स्तनाची घडण बदलणं फार अवघड जातं. लाईट खाल्लेली कातडी लवकर भरून येत नाही.

आणखी एक, कारण यामुळे फार घबराट होते. या शस्त्रक्रियेनंतर कधी कधी आतल्या चरबीचा एखादा भाग रक्त न मिळाल्याने मरतो आणि कडक गाठ लागते. बाई रात्रभर जागी राहते, सकाळी रडत येते. बहुतेकदा ते निरुपद्रवी असतं, पण तपासल्याशिवाय तसं म्हणता येत नाही. सोनोग्राफी होते, कधी सुई घालून तुकडा घ्यावा लागतो. ही शक्यता आधी सांगून ठेवली तर ती रात्र थोडी सुसह्य होते. स्तनाग्राची जाणीव कमी होते किंवा जाते, हेही आधी सांगायचं असतं. ते सांगायला मला पहिली काही वर्षं संकोच वाटायचा. सिस्टरांना वाटायचा नाही.

२००९ साली अमेरिका-कॅनडातल्या संशोधकांनी ‘ब्रेस्ट-क्यू’ नावाची प्रश्नावली तयार केली. सर्जनला काय वाटतं हे बाजूला ठेवून ती बाईलाच विचारते: कपड्यात कशी दिसतेस, आरशात कशी, पाठ दुखते का, नवऱ्याजवळ मोकळी असतेस का. निकाल मोजायची ही रीत मला सर्वांत प्रामाणिक वाटते. माझ्या ओपीडीत ती कागदावर भरून घेणं फारसं जमलं नाही. शिंपिणीकडून मात्र उत्तरं न विचारताच मिळत गेली.

ती दर सहा महिन्यांनी यायची, आता वर्षाने येते. पहिल्या वर्षी खांद्याची खाच उथळ झाली, दुसऱ्या वर्षी बोटाला जेमतेम जाणवत होती. मशीनवर बसल्यावर मानेला लागणारी रग गेली. गेल्या खेपेला सात वर्षं पूर्ण झाली. मॅमोग्राम स्वच्छ होता. तपासताना मला दिसलं की दोन्ही बाजू आता सारख्या राहिलेल्या नाहीत: लाईट घेतलेली डावी जागच्या जागी, थोडी आकसलेली, वर, उजवी वयाप्रमाणे उतरलेली. मी म्हटलं, ‘उजवी बाजू पुन्हा थोडी उचलून देता येईल, हवं असेल तर.’

‘नको बाई,’ ती हूक लावता लावता म्हणाली. ‘उजवा टक्स मी अर्धा इंच खाली घेते आता. नवीन मापं वहीत लिहून ठेवलीत.’